बायकांची सोय नाही

"पेशंटचं नाव?"

"इंदू."

"तुमचं नाही, पेशंटचं. आणि ते तुमचे कोण? नवरा, मुलगा, भाऊ?"

"पेशंट मीच हाय," ती म्हणाली. "माजी मीच."

मी फॉर्मवरची मान वर केली. सांगली-मिरज रस्त्यालगतच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. मी साताऱ्याची. वय चोवीस, समाजकार्याची पदवी ताजी. टेबलापलीकडे बाई येऊन बसली की ती कोणाची तरी बायको, आई नाहीतर बहीण असणार, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण मी शिकले होते. आमच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता आणि तो बायकांना विचारून भरायचा असे. रुग्ण आत असत. तीस खाटा, तिसांवरही पुरुष.

समोरची बाई पंचेचाळिशीची, उंच, काटकुळी. केसांत कापसाचा भुरा अडकलेला. माधवनगरात यंत्रमागाच्या कारखान्यात ती वीस वर्षं कांडी भरत होती, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. पदराचं टोक तिनं दोन्ही मुठींभोवती घट्ट गुंडाळून घेतलं होतं. हात थरथरत होते, ते दिसू नयेत म्हणून. पायाशी पिशवी होती आणि पिशवीत दोन साड्या, टॉवेल, फणी. ती चौकशीला आली नव्हती, राहायला आली होती.

"इथे बायकांची सोय नाही," मी म्हणाले.

"मग कुठं हाय?"

"पुण्याला चौकशी करावी लागेल."

"पुण्याला मला कोन वळखतंय?" तिनं माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बोट केलं. बोट हलत होतं. सातवीपर्यंत शिकलेली होती, तिनं अडखळत वाचलं, "व्यसन हा आजार आहे. तो बरा होतो." मग म्हणाली, "गडी प्याला तर आजार. बाई प्याली तर काय म्हंता तुमी?"

आज मला याची उत्तरं सुचतात. तेव्हा मी आवाजात गोडवा आणला आणि शहाण्यासारखं सांगितलं, "मी वरिष्ठांना विचारते. तोवर तुम्ही घरी राहा आणि दारू एकदम बंद ठेवा. मनाचा निश्चय करा." ती "बरं" म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

मी तिला तोंडावर नेहमी अहो-जाहोच केलं. पुढे सगळेच तिला आक्का म्हणायला लागले, मीही म्हणायला लागले. पण आठवणीत ती एकेरीच येते.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. वऱ्हांड्यातल्या बाकावर बसली. "सोय हुतीया का बगायला आल्ये," म्हणाली. घामानं ब्लाउज भिजला होता. मी वरिष्ठांना विचारलंच नव्हतं. फाइल बघते असं सांगून मी आत निघून गेले. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वऱ्हांड्यात आरडाओरड झाली. मी धावत गेले तर ती बाकाखाली पडली होती. सगळं अंग ताठ होऊन झटके देत होतं, तोंडातून फेस येत होता, जीभ दाताखाली सापडून रक्त आलं होतं. केंद्राच्या डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं, इंजेक्शन दिलं, आणि झटके थांबल्यावर विचारलं, "हिला एकदम बंद करायला कोणी सांगितलं?"

रोज पिणाऱ्याची दारू देखरेखीशिवाय एकदम तोडली की फिट येऊ शकते, माणूस दगावूही शकतो. हे माझ्या पुस्तकात होतं. परीक्षेत मी त्यावर उत्तर लिहिलं होतं. पुरुषांच्या बाबतीत मी ते कधी विसरले नसते. कारण पुरुष मला रुग्ण दिसायचा. ही बाई मला रुग्ण दिसलीच नव्हती. एक भलतीच अडचण टेबलासमोर येऊन बसलीय, एवढंच दिसलं होतं.

मी गप्प उभी राहिले. आक्का तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नव्हती. पण नंतरही तिनं डॉक्टरांना माझं नाव सांगितलं नाही. मला मात्र एकदा सहज म्हणाली, "तुमी सांगितलं म्हनून बंद केली ओ. तवर कुनी मला कायच सांगितलं नव्हतं." हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

डॉक्टरांनी तिला स्वतःच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथल्या बायकांच्या वॉर्डात दाखल केलं. पाच दिवस सलाईन, गोळ्या, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. चौथ्या दिवशी मी भेटायला गेले होते. तिचे हात थोडे थांबले होते. तिनं पलंगाला अडकवलेला केसपेपर काढून वाचला. त्यावर लिहिलं होतं, 'चक्कर व अशक्तपणा.' तिनं सिस्टरना हाक मारली.

"सिस्टर, ह्ये काय लिवलंय?"

सिस्टर चांगल्या होत्या. त्या वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, बाईमाणसाच्या कागदावर दारू नको. उद्या कोणी बघितलं तर?"

"कुनी बगितलं तर त्येला कळंल मला काय झालं हुतं. चक्कर लिवली तर औषीद चक्करीचं देशीला."

"तुमच्या भल्यासाठीच लिहिलंय."

"माज्या भल्यासाठी दोन वर्सं झाली लिवत्यात समदी." मग ती उठून बसली आणि मला, सिस्टरना, शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीला ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी ती एका डॉक्टरकडे गेली होती. "मी पिते, सुटंना झालंय," असं तिनं तिथे सांगितलं. तो हसला आणि ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्यानं कंपाउंडरला सांगून तिला बाहेर काढलं, आणि कागदावर लिहिलं 'अंगदुखी'. "मी खरं सांगितलं, त्यांनी खोटं लिवलं. आनी दारुडी म्हंजी खोटारडी, आसं वर म्हंत्यात."

सिस्टरनी पेन काढलं आणि खरं लिहिलं. कागद हातात घेऊन आक्कानं दोनदा वाचला.

दवाखान्यातून सुटल्यावर खरे उपचार सुरू झाले. पण कुठे करायचे? आमच्याकडे समुपदेशनाच्या दोन खोल्या होत्या, दोन्ही पुरुषांच्या वॉर्डातून जाऊन पलीकडे. संस्थेचे सचिव म्हणाले, बाई आत नको, वातावरण बिघडतं. ज्यांचं वातावरण बिघडेल ते तीसही जण बायकोचे दागिने मोडून आणि पोरांना मारून इथे आलेले होते, पण बिघडवणारी ठरली ती. शेवटी गाद्या आणि फिनेलचे कॅन ठेवायच्या भांडारघरात दोन स्टुलं टाकली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही तिथे बसायचो. दार उघडं ठेवायचं अशी अटही होती.

मी तिच्याकडून कारणं काढायला बघायची. पुस्तकात तसं होतं. माहेर जत भागातलं, बाप मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर. नवरा मागावर कामाला, पिणारा. अंग दुखतंय म्हणाली तेव्हा पहिला घोट त्यानंच दिलेला. पुढे तो वारला. मी लिहून घ्यायला लागले, 'पतीने प्रवृत्त केले.' तिनं वाचून ते खोडायला लावलं.

"त्यानं पाजली आसं लिवू नका. येकदा पाजली. दुसऱ्यांदा मी मागितली. गोड लागली म्हनून प्याले. आंगाचं दुखनं थांबायचं, डोस्क्यातला कालवा थांबायचा. मेल्यालं मानूस काय येऊन 'न्हाई' म्हननार हाय व्हय? त्येच्यावर कशाला घालायचं?"

कित्येक पुरुषांच्या फायली मी लिहिल्या आहेत. बायकोच्या तोंडामुळे, साहेबाच्या त्रासामुळे, मित्रांच्या आग्रहामुळे. इतकं सरळ वाक्य एकाही फाइलीत नाही.

तलफ आली की काय करायचं ते मी तिला तक्ता काढून शिकवलं. तलफ चढते, टोकाला जाते, आपोआप उतरते, तोवर हातांना काम द्यायचं. तिनं तक्ता बघितला आणि पुढच्या खेपेला स्वतःची रीत सांगितली. "तलफ आली की मी तिला म्हंते, बस बाई. जेवायला घालनार न्हाई. अर्ध्या तासानं आपसूक उठून जातीया." हे मी पुढे शेकडो जणांना सांगितलं. तक्ता काढायचं सोडून दिलं.

सोमवार हा आमच्याकडे कुटुंबाचा दिवस. व्यसन एकट्याचं नसतं, घरच्यांनीही उपचारात यायचं असतं, असा आमचा नियम. पुरुषांच्या बायका लांबून एसटीनं यायच्या, डबा आणायच्या, हॉलमध्ये रांगेत बसायच्या. आक्काच्या माणसांना मी तीन पत्रं पाठवली. भाऊ आला नाही. मुलगा शिरवळला कंपनीत कामाला होता. तो फोनवर म्हणाला, "मॅडम, आई बरी झाली की मी येतो." बरी होण्यासाठीच यायचं असतं, असं मी म्हणाले, तोवर फोन ठेवला होता.

तरी आक्का दर सोमवारी यायची आणि त्या बायकांच्या रांगेत बसायची. पिशवीत स्वतःच स्वतःसाठी आणलेली भाकरी असायची. ती बसली की शेजारची बाई सरकून बसायची. नवरा पिऊन आला की मार खाणाऱ्या, आणि तोच नवरा इथे आला की त्याला पोळ्या करून आणणाऱ्या त्या बायका, हिच्यापासून सरकायच्या. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. आक्काला विचारलं तर म्हणाली, "त्यांच्यावर नगा चिडू. त्यास्नी भ्या वाटतं. माजं बगून वाटत आसंल, आपन बी आसं बसलो आसतो तर?"

आठ महिने ती प्याली नाही. आमच्या संस्थेला ते फार आवडलं. महिला दिनाचा कार्यक्रम सांगलीतल्या एका सभागृहात ठरला, देणगीदार येणार होते, आणि निमंत्रणपत्रिकेवर 'आठ महिने दारूमुक्त, एका भगिनीचे मनोगत' अशी ओळ छापली गेली. ती ओळ मीच लिहून दिली होती.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात आक्का भांडारघरात आली आणि स्टुलावर बसायच्या आत म्हणाली, "ताई, मी प्याले. काल आनी परवा."

मुलाचं लग्न झालं होतं, शिरवळला. तिला बोलावणं नव्हतं. भाचीनं मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा तिला कळलं. फोटोत मुलाच्या शेजारी आईच्या जागी चुलती उभी होती, आणि नव्या सुनेच्या घरी सांगितलं होतं की आईची तब्येत बरी नसते, ती प्रवास करू शकत नाही. "खोटं न्हाई सांगितलं त्यानं," आक्का म्हणाली. "तब्येत बरी न्हवतीच की." त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

माणूस एकदा घसरला म्हणजे उपचार वाया गेले असं नसतं, उठून परत सुरू करायचं असतं. हे मी तिला सांगितलं आणि ते मला मनापासून पटलेलं होतं. मग मी सचिवांकडे गेले. ते म्हणाले, "पत्रिका छापून झाल्यात. दोन दिवसांचं कशाला काढता? आठ महिनेच म्हणू दे." आणि मी खाली येऊन आक्काला तसं सांगितलं. हेही मला लिहिलं पाहिजे. ज्या खोटेपणावर मी वॉर्डात चिडले होते, तोच मी माझ्या तोंडानं तिच्यापर्यंत पोचवला.

ती कार्यक्रमाला इस्त्रीची साडी नेसून आली. माइकसमोर उभी राहिली आणि घसा साफ करून म्हणाली, "मी इंदू. मी दारू पीत हुते. कागदावर आठ म्हैनं लिवलंय, त्ये चुकीचं हाय. आठ दिवसांमागं मी प्याले. आता आठ दिवस झालं, न्हाई पिले."

सभागृहात कोणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं.

"टाळ्या नगा वाजवू. मी ह्यांच्याकडं पयल्यांदा आले तवा मला म्हनालं, बायकांची सोय न्हाई. मी दोन दिस वऱ्हांड्यात बसले. आजून बी बाईला तितं खाट न्हाई. मी फिनेलच्या डब्यांत बसून बरी हुतीया. तुमी आज हारतुरं आनलेत. येक खाट आना."

सचिव उठले, त्यांनी माइक घेतला आणि आभार मानले. नंतर मला बाजूला बोलावून म्हणाले, "पुन्हा यांना स्टेजवर आणायचं नाही." मी "बरं" म्हणाले. पण चहाच्या रांगेत जरीकाठाची साडी नेसलेली एक बाई आक्काजवळ येऊन उभी राहिली आणि इकडेतिकडे बघत तिनं हळूच विचारलं, "तुम्ही घरी येता का बघायला? माझ्या मुलीसाठी. कडेगावकडं दिलीय."

त्याच आठवड्यात आक्का आणि मी बसनं गेलो. कडेगावच्या अलीकडे उतरून उसाच्या पट्ट्यांमधून चालत गेलो. स्लॅबचं दुमजली घर, अंगणात ट्रॅक्टर, भिंतीवर लष्करी पोशाखातले बापलेकाचे फोटो. मुलगा सीमेवर नोकरीत, बाप निवृत्त सुभेदार. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि शांतपणे म्हणाले, "आमच्या घरात असलं काही न्हाई. सूनबाई आजारी हाय. झोपलीया."

आक्कानं आतल्या दाराकडे बघितलं. "झोपलीया तर भायेरनं कडी कशापाय?"

सुभेदारांचा चेहरा कडक झाला. "मर्यादेनं बोला."

"मर्यादेनंच बोलतीया. आवं दादा, तुमच्या ल्योकानं पिऊन दंगा केला आसता तर त्येला कोंडला आसता? गाडी करून आमच्याकडं आनला आसता. समदी आनत्यात, मी सोमवारी बगते की. गाडीतनं उतरवताना हात धरत्यात. मग हिलाच कडी का?"

"तिला देवाची पुडी चालू हाय. अकरा दिवसांत सुटती म्हणलंय महाराजांनी."

"पुडीत काय हाय, ठावं हाय?"

सुभेदार उत्तर देणार तोच त्यांची बायको स्वयंपाकघरातून आली. कोणाकडेही न बघता ती त्या दाराशी गेली आणि तिनं कडी काढली. मग तिथेच दाराला पाठ लावून उभी राहिली. सुभेदार तिच्याकडे बघत राहिले.

आत पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. कोपऱ्यात बादली, चटईवर उलटीचा वास. कोणीतरी महाराजांनी दिलेली ती पुडी तिला चहातून घालत होते, आणि तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. आक्का उंबऱ्यावर बसली.

"मी इंदू. मी बी पीत हुते."

मुलीनं मान वर केली. "बायका पन येतात?" तिनं विचारलं. "तुमच्याकडं?"

"मी आल्ये की," आक्का म्हणाली.

या वेळी मी पहिला प्रश्न विचारला तो, शेवटची कधी घेतली. आदल्या दिवशी सकाळी, असं कळलं. मी डॉक्टरांना फोन लावला आणि आम्ही सुभेदारांच्याच गाडीतून तिला सांगलीला आणलं. गाडी त्यांनी दिली, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. पण गाव संपेपर्यंत काच वर ठेवायला सांगितली, हेही लिहायला हवं.

केंद्रावर सचिव दारातच होते. "काही झालं तर जबाबदारी कोणाची?" ते म्हणाले. आक्का मुलीला घेऊन वऱ्हांड्यातल्या बाकावर बसली. "कुठं ठेवताय त्ये ठरवा. तवर आमी हितं बसतो." डॉक्टरांनी सचिवांकडे बघितलं, भांडारघराची किल्ली घेतली आणि स्वतः फिनेलचे कॅन बाहेर काढायला लागले. मी गाद्या ओढल्या. संध्याकाळच्या आत दोन लोखंडी खाटा लागल्या. परवानगी नंतर, बऱ्याच बैठकांनंतर आली.

त्या खोलीची मदतनीस म्हणून आक्का राहिली. मागावरचं काम तिनं सोडलं. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती आधी केस विंचरून द्यायची. का, असं मी विचारलं. "चार दिस कुनी हात लावल्याला नसतोय," ती म्हणाली. शिकवणारी मी होते, पगार मला होता, पण कडेगावची ती मुलगी बरी होऊन गेली तेव्हा जाताना ती पाया पडली ती आक्काच्या. आणि घसरून परत आलेली एकही बाई तिनं नाराज चेहऱ्यानं आत घेतली नाही. "आलीस न्हवं. बस," एवढंच.

ती पुन्हा कधीच प्याली नाही. पण तिचं लिव्हर ती आमच्याकडे यायच्या आधीच नासलेलं होतं. चौथ्या वर्षी पोटात पाणी व्हायला लागलं, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी मला खोलीबाहेर नेऊन सांगितलं की आमच्याकडे आली त्याच्या दोन वर्षं आधी उपचार मिळाले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. त्या दोन वर्षांत ती उपचार मागतच फिरत होती. एकानं ॲसिडिटी लिहिली होती, दुसऱ्यानं अंगदुखी, आणि आम्ही तिला वऱ्हांडा दिला होता.

शेवटच्या आठवड्यात ती दवाखान्यात होती. बोलताना थांबून थांबून श्वास घ्यायची. एक दिवस दुपारी म्हणाली, "ताई, मी गेल्यावर माज्याबद्दल बोलायचं झालं तर नावानिशी बोला. येक बाई हुती, आसं नगं. लपवन्यातच माजं निम्मं आयुष्य गेलं." मग मला कागद आणायला लावला आणि तसं लिहवून घेऊन खाली सही केली. सही करायला तिला बराच वेळ लागला.

ती गेली तेव्हा माधवनगरात लोक म्हणाले, शेवटी दारूनंच गेली. मी त्या दिवशी तिथेच एका बाप्याशी भांडले. चार वर्षं दारूला न शिवलेली बाई, आणि तिच्या मढ्यासमोर उभं राहून हे बोलायचं. त्याच्या स्वतःच्या तोंडाला वास येत होता.

मुलगा अंत्यविधीला आला आणि तिथूनच परत गेला. पुढे दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. बायकांच्या खोलीत आम्ही आक्काचा फोटो लावला होता, खाली तिचं नाव आणि ती पीत होती, बरी झाली होती, अशी ओळ. सासरकडच्या कोणीतरी तो बघितला म्हणे. "मॅडम, तो काढून टाका. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

"मी काढणार नाही," मी म्हणाले. "तुम्हाला काढायचा तर तुम्ही या."

मला वाटलं, येणार नाही. पुढच्या रविवारी तो आला. मी त्याला खोलीत नेलं. दोन्ही खाटांवर बायका होत्या. त्यातली एक आदल्याच दिवशी आलेली, हात थरथरत असलेली. त्यानं खुर्ची ओढली, वर चढला, फोटो काढला. त्या बाईनं विचारलं, "आमच्या आक्काचा फोटो कुठं नेताय? तुमी कोन त्यांचं?"

तो खुर्चीवरून उतरला. "कोनी न्हाई," तो म्हणाला. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि गेला. घरी लावला असेल, माळ्यावर टाकला असेल, मला माहीत नाही. मी त्याला क्षमा केलेली नाही. आक्कानं केली असती, मला ते जमत नाही.

म्हणून हे लिहिलं. मुलाचं नाव मी लिहिलेलं नाही. ते त्याचं आहे, सांगायचं की लपवायचं ते त्यानं ठरवावं. आक्काचं नाव मात्र मला सही करून दिलेलं आहे. इंदुबाई महादेव सरगर, राहणार माधवनगर. ती दारू पीत होती. ती बरी झाली होती. गेली तेव्हा तिला दारू सोडून चार वर्षं आणि दोन महिने झाले होते. आमच्या केंद्रात पुरुषांच्या आता चाळीस खाटा आहेत, आणि बायकांच्या अजून दोनच.